लोकशाही-शिक्षणांतील ‘एन्डॉस्मोसिस’ : एका शब्दाचा मागोवा

पोथ्यांची वंशावळ लावतांना एखादा दुर्मिळ शब्द पुष्कळदां समाप्तिलेखाहून अधिक सांगून जातो. त्याच न्यायानें अर्वाचीन छापील साधनांतील एक शब्द येथें तपासावयाचा आहे.

जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो विद्यापीठांत एक प्रयोगशाळा काढली. तेथें मुलें स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम मिळून करीत व त्यांतूनच गणित-इतिहास शिकत. पुढें १९१६ सालीं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ ह्या ग्रंथांत त्यांनीं सिद्धांत मांडला : अनुभवाचीं अंगें दोन, करणें आणि त्याचें फळ भोगणें, आणि अनुभव एकमेकांस सांगितल्यावांचून तो सर्वांचा होत नाहीं. म्हणून लोकशाही ही केवळ राज्यपद्धति नव्हे, तर अनुभवाची देवघेव करीत एकत्र जगण्याची रीति होय. वरिष्ठ व अंकित असे वर्ग पडले म्हणजे ही देवघेव थांबते, हें सांगतांना त्यांनीं ‘एन्डॉस्मोसिस’, म्हणजे पातळ पडद्यांतून द्रव झिरपणें, हा शास्त्रीय शब्द योजिला.

डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठांत होते. ड्यूई तेथें त्यांचे गुरु. १९१९ सालीं साउथबरो कमिटीपुढील साक्षींत आंबेडकरांनीं तोच शब्द वापरला. लाहोरसाठीं लिहिलेल्या, परंतु तेथें होऊं न शकलेल्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ह्या भाषणांतही तो आहे. लोकशाहीची व्याख्याही तेथें जवळजवळ ड्यूईंचीच आहे. त्या जागीं गुरूंचें नांव नाहीं; ऋणनिर्देश पुढें त्याच भाषणांत येतो.

एवढ्यावरून ही निव्वळ उसनवारी ठरवूं नये. पाठभेद पाहावा. सहजीवनाच्या व्याख्येस लागूनच आंबेडकर सांगतात, कीं लोकशाही म्हणजे मूलतः मानवबंधूंविषयींची आदरवृत्ति. ड्यूईंच्या मूळ वाक्यांत ही भर नाहीं. आणि माझ्या मतें सर्व मर्म तिच्यांतच आहे. शिकागोच्या शाळेंत मुलें एकत्र बसतात, हें गृहीत होतें. उलट, साताऱ्यास असतां बाळ भीमरावास शाळेंत कोपऱ्यांत, वेगळ्या गोणपाटावर बसावें लागे. जेथें शेजारीं बसणेंच निषिद्ध, तेथें अनुभवाचा विनिमय कोठून होणार? विनिमयाच्या आधीं आदर हवा, हें शिष्याला स्वानुभवानें कळलें होतें.

आंबेडकरांच्या खुणा असलेली ह्या ग्रंथाची प्रत उपलब्ध आहे. संग्राहकांनीं छापील ग्रंथांचे समासही पोथ्यांच्या समासांइतकेच जपावे, एवढीच विनंति.