बंदूक थांबली, तरी माळढोक का गेला?

रानातली जनावरं कमी झाली की पहिलं बोट शिकाऱ्याकडे जातं. ते खोटं नाही. माळढोक हा इंग्रज साहेबांचा आवडता शिकारीचा पक्षी होता. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीत बैलगाडीतून चित्ते न्यायचे आणि काळविटांवर सोडायचे. देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या आणि काळविटांची पार दैना झाली.

पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतर आपल्या सोलापूर-नगर पट्ट्यात काय झालं ते बघा. माळढोक जवळजवळ संपला. काळवीट तुकड्यातुकड्यांत तगून राहिलं. आणि रानडुक्कर एवढं वाढलं की शेतकऱ्याला रात्र रात्र राखण करावी लागते. कायदा एकच, मुलूख एकच, मग तिघांची गत वेगळी का? माझ्या मते उत्तर बंदुकीत नाही, जमिनीत आहे.

आपला जुना मुलूख आठवा. वर मुरमाड माळ, त्यावर आखूड गवत. खाली काळ्या रानात रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुतेकदा एकच अंडं घालतो. त्याला चौफेर नजर जाईल अशी जागा लागते. काळविटाचा सगळा बचाव नजर आणि पळ यांवर. दोघांनाही मोकळं रान हवं. कोरडवाहू शेती त्यांच्या आड येत नव्हती, धनगरांची मेंढरंही नाही.

मराठेशाहीत घोडदळाला गवत लागायचं, म्हणून कुरणं राखली जायची. गवताला किंमत होती, म्हणून माळ टिकला. पुढे घोडी गेली, कुरणांची गरज गेली. महसुली दप्तराला पीक आणि सारा कळतो, गवत कळत नाही. त्यामुळे माळाच्या नावापुढे ‘पड’ हा शिक्का बसला. आणि पडीक म्हटलं की कुणीही यावं, काहीही करावं!

१९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं. कालवे आले, ऊस आला, कारखाने आले. उसाला मी नावं ठेवत नाही, त्या पाण्यावर कित्येक घरं उभी राहिली. पण ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो, माणसाच्या डोक्याच्या वर. काळवीट त्यात शिरत नाही, माळढोकाला तो भिंतीसारखा. रानडुकराला मात्र तिथे अन्न, पाणी, आडोसा सगळं एका जागी मिळतं. जुन्नरकडे तर बिबट्याच्या माद्या उसात पिल्लं घालतात.

सरकारने काही केलंच नाही, असंही नाही. १९७९ साली नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, खासगी शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या आणि लोक पक्ष्यावरच चिडले. शेवटी ते साधारण १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यातही माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. हेतू चांगला, पण माळढोकाला झाडी नकोच असते. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. कर्जतजवळचं रेहेकुरी फक्त २.१७ चौरस किलोमीटरचं. पण तिथे गवत राहिलं, म्हणून काळवीट राहिलं.

इतिहास उगाळून काय मिळणार, असं कुणी विचारेल. तर आजही गावोगावच्या गायरानांचे निर्णय होतायत. कुठे सोलर, कुठे वृक्षलागवड, कुठे अतिक्रमण. यातलं काही गरजेचंही असेल. पण पुढच्या ग्रामसभेत ‘पडीक जागा आहे, देऊन टाकू’ असा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढंच विचारा: या जागेवर आज कोण चरतं? मेंढरं असतील, काळवीट असेल, खोकड असेल. कुणी ना कुणी निघेलच. मग ती जागा पडीक कशी?