जुनं डांबर खरंच तरुण होतं का?

या विषयात शिरलात की पहिला मोह नव्या तेलाचा होतो. वापरलेलं खाद्यतेल जुन्या डांबरात घातलं, चाचणीची सुई खोल रुतली, झाला पेपर! मीही तेच केलं होतं. आधी थोडं मागे जाऊ.

१९७३ च्या तेलसंकटात डांबर महागलं आणि अमेरिकेत उखडलेला रस्ता पुन्हा वापरण्याकडे गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं. प्रश्न साधा वाटायचा: कडक डांबर मऊ कसं करायचं? पण डांबर नुसतं सुकत नाही. ऑक्सिडेशनने त्यातले अ‍ॅरोमॅटिक्स घटतात, अस्फाल्टीन्स वाढतात. कुठलंही पातळ तेल ते मऊ करतं. रिजुव्हिनेटरने हा बिघडलेला समतोलही सावरावा, अशी अपेक्षा असते.

मग वाद रंगला. जुनं डांबर नव्यात मिसळतं, की खडीला चिकटून नुसतं ‘काळा दगड’ बनून राहतं? अमेरिकेतल्याच महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या २००१ च्या अहवालाने ‘काळा दगड’ खोडून काढला. बऱ्यापैकी मिसळतं म्हणाला. पण नेमकं किती, यावर अजून भांडण आहे.

आणि माझा नमुना? प्रेशर एजिंग व्हेसलमध्ये १०० अंशांवर २० तास ठेवल्यावर तो नव्या डांबरापेक्षा जास्त कडक झाला. सरांनी एवढंच विचारलं, “मऊ झालं ते कळलं, टिकलं किती?”