मजकूर की किंमत? मॅक्रोच्या एका जुन्या चुकीची कहाणी

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत काही मोजमापांचे प्रचरण काढण्याचे काम चालले होते. प्रत्येक निरीक्षणाचे मध्यापासूनचे विचलन घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा आणि वर्गांची बेरीज करायची, एवढे काम आम्ही संगणकावरील एका छोट्या मॅक्रोवर सोपवले होते. उत्तर अपेक्षेपेक्षा लहान आले. मोजमापे कमी विखुरलेली, म्हणजे प्रयोग चांगला झाला, असे समजून आम्ही खूशही झालो! एका विद्यार्थिनीने तीनच निरीक्षणे घेऊन कागदावर पडताळा केला, तेव्हा आमचे डोळे उघडले.

निरीक्षणे होती ४, ५ आणि ९. त्यांचा मध्य ६. विचलने −२, −१ आणि ३. वर्गांची बेरीज ४ + १ + ९ = १४. संगणक मात्र ४ सांगत होता.

कारण साधे होते. मॅक्रोत 'क^२' असे लिहिले होते (^ ही घाताची खूण). संगणकाने क च्या जागी −२ ही अक्षरे ठेवली आणि '−२^२' असा मजकूर तयार झाला. नेहमीच्या संकेताप्रमाणे घात आधी, उणे चिन्ह नंतर. म्हणून उत्तर −४. तसेच दुसरे −१. बेरीज −४ − १ + ९ = ४. उत्तर ऋण आले असते तर शंका तरी आली असती. येथे ते धन होते, पटण्याजोगे होते आणि चुकीचे होते. संगणकाने तक्रारीचा एक शब्दही काढला नव्हता.

मॅक्रो म्हणजे आज्ञांचा साठवून ठेवलेला मजकूर. त्याला एक नाव दिलेले असते. आज्ञावलीत ते नाव येईल तेथे तो मजकूर उतरवला जातो आणि त्यातील रिकाम्या जागी आपण दिलेली आर्ग्युमेंट भरली जातात. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा लिहिण्याचा त्रास वाचवण्यासाठी ही सोय निघाली. उच्चस्तरीय भाषांनाही ती कशी जोडता येईल, हे बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली एका लेखात मांडले.

गंमत अशी की, आमच्या चुकीवरचा उपायही त्याच वर्षी छापला गेला होता! पीटर नाऊर यांनी संपादित केलेल्या अल्गॉल ६० या भाषेच्या अहवालात एक नियम आहे. आर्ग्युमेंट नावाने दिले असेल, तर ते जसेच्या तसे जागेवर ठेवावे. मात्र शक्य असेल तेथे कंसात घालून ठेवावे. (−२)^२ म्हणजे ४. एवढा कंस असता तर आमचे उत्तर बरोबर आले असते.

मग मॅक्रो स्वतःहून कंस का घालत नाहीत? अल्गॉलच्या भाषांतरकाला समोर गणिती पदावली आहे हे कळते. मॅक्रो उलगडणाऱ्या यंत्रणेला बहुधा फक्त अक्षरे दिसतात. आर्ग्युमेंट ही संख्या असेल, फाइलचे नाव असेल किंवा अर्धवट आज्ञाही असेल. सगळीकडे कंस घातला तर काम बिघडेल. जे मॅक्रोचे बळ, तेच त्याचे दुबळेपण.

संख्याशास्त्राला हे बळ हवेच होते. तेच विश्लेषण वीस चलांवर करायचे, तर केवळ नावे बदलून मजकूर पुन्हा उतरवणे सोयीचे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात सुरू झालेल्या आणि १९७६ पासून स्वतंत्र कंपनीकडे असलेल्या सॅस या प्रणालीत मॅक्रोंना म्हणूनच मोठे स्थान मिळाले. तेथे 'क×क' अशा मॅक्रोला २+३ दिले, तर २+३×२+३ होऊन २५ ऐवजी ११ मिळतात. दुसरी अडचण स्वल्पविरामाची. आर्ग्युमेंट स्वल्पविरामाने वेगळी केली जातात. एखाद्या आर्ग्युमेंटमध्येच स्वल्पविराम असला तर एकाची दोन होतात. त्याला झाकण्यासाठी खास आज्ञा वापरावी लागते.

बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली सुरू केलेल्या 'एस' या भाषेतही प्रथम मॅक्रोच होते. १९८८ च्या नव्या आवृत्तीत त्यांची जागा फलनांनी घेतली. फलनाकडे २+३ ही सुटी अक्षरे जात नाहीत, एक अखंड पदावली जाते. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवलेल्या 'आर' भाषेनेही हीच वाट धरली. आर्ग्युमेंटची पदावली तशीच जपायची आणि गरज पडेल तेव्हा तिची किंमत काढायची. त्यामुळे किंमतही बरोबर मिळते आणि मूळ लिखाणही हाताशी राहते. आलेखाच्या अक्षांवर चलांची नावे आपोआप येतात ती यामुळेच.

तरीही मॅक्रो आजही वापरात आहेत. ते वापरताना आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. उलगडलेला मजकूर आधी छापून पाहतो. गणिती सूत्रात प्रत्येक आर्ग्युमेंटला आणि संपूर्ण सूत्राला कंस घालतो. आणि खऱ्या माहितीवर जाण्यापूर्वी −२ व २+३ या दोन आर्ग्युमेंटांवर मॅक्रोची परीक्षा घेतो.

शिक्षकांना ही चूक ओळखीची वाटेल. क = −२ असताना क चा वर्ग काढायला सांगितला की वर्गात कोणीतरी −४ हे उत्तर देतेच. तो विद्यार्थी निष्काळजी असेलच असे नाही. तो मॅक्रोप्रमाणे किमतीऐवजी मजकूर उतरवतो आहे. वहीत −२^२ आणि (−२)^२ शेजारी शेजारी लिहून घ्यावे. शाळेत संगणक असल्यास एक्सेलमध्येही पाहावे. तेथे उणे चिन्ह आधी धरतात, म्हणून कंसाशिवायही ४ येते! यंत्रागणिक संकेत बदलतो, पण कंस घातला की अर्थ सगळीकडे एकच राहतो.