चांदवडच्या माळावरील मृत जनावरे : गावगाडा आणि गिधाडे

सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुंबई–आग्रा रस्त्यावर वसलेल्या चांदवडच्या पर्जन्यछायेतील शेतीची भिस्त पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर होती. त्यामुळे दुष्काळात चारा संपून गोठे रिकामे होऊ लागले की मेलेल्या जनावरांचे काय करायचे, हा प्रश्न जितका निसर्गाचा तितकाच गावगाड्याचा, म्हणजे वतन आणि बलुत्यावर चालणाऱ्या ग्रामव्यवस्थेचा होता.

बैल मेला तरी त्याच्या कोठीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव काम थांबवत नाहीत. ते वायू निर्माण करत राहतात, उन्हाळ्यात दिवस उलटण्याच्या आत पोट टम्म फुगते, वरच्या बाजूचे पाय ताठून हवेत उचलले जातात, आणि डोळे, नाकपुड्या व तोंडाशी माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मऊ भाग पोखरू लागतात. जाड कातडे मात्र बराच काळ टिकते आणि गिधाडाच्या चोचीलाही सहजी दाद देत नाही. म्हणूनच ते आधी सोलले गेले असेल, तर गिधाडांचा मोठा थवा काही तासांतच सांगाडा उघडा पाडत असे.

जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम दख्खनच्या गावगाड्यात महारांवर जन्माने लादलेले होते. बदल्यात हाडकी-हाडोळा, म्हणजे महारकी वतनाची तुटपुंजी इनाम जमीन, आणि मृत जनावराचे मांस एवढेच पदरी पडे. या व्यवहाराला देवाणघेवाण म्हणणे इतिहासाला धरून नाही, कारण नकार देण्याची मुभा एका बाजूला नव्हतीच. शिवाय काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, दगावलेले जनावर फाडले की त्यातील जंतू हवेच्या संपर्कात येऊन चिवट बीजाणू तयार करतात आणि ते मातीत दशकानुदशके टिकतात. हा धोकाही फाडणाऱ्याच्याच हाताला असे.

१९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी चांदवडला लागून असलेल्या तालुक्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ढोर ओढणे नाकारणाऱ्यांना ठिकठिकाणी बहिष्कार सोसावा लागला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा त्या नकारामागे तीन दशकांचा झगडा उभा होता.

माणसांनी हे जोखड झुगारले. गिधाडे मात्र माणसाच्या औषधाने मेली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मांसावाटे गिधाडांच्या शरीरात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि उघड्यावर पडलेले मांस मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला जाऊ लागले होते. नाशिक जिल्ह्यातच, हरसूल परिसरातील खोरीपाडा येथे, वनविभागाच्या पुढाकाराने गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा राखली गेली, जिथे जनावर ठेवण्यापूर्वी त्याला जिवंतपणी कोणते औषध टोचले होते, हे पाहावे लागते.