बंगालचा उपसागर : भूगोल आणि इतिहास

हिंदी महासागराच्या ईशान्य भागातील बंगालचा उपसागर हा जगातील सर्वांत मोठा उपसागर मानला जातो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ७० हजार चौरस किलोमीटर असून सरासरी खोली सुमारे २,६०० मीटर आहे. पश्चिमेस भारत व श्रीलंका, उत्तरेस बांगलादेश, तर पूर्वेस म्यानमार आणि अंदमान-निकोबार बेटे अशा त्याच्या सीमा आहेत.

गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि कावेरी या नद्या या उपसागराला मिळतात. अरबी समुद्रापासून १०० किलोमीटरच्या आत, सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गोदावरी व कृष्णा या नद्यादेखील पूर्वेकडे वाहत जाऊन येथेच विसावतात. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे समुद्राचा वरचा थर हलका राहतो, खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही आणि त्यामुळे उबदार राहतो. या उष्णतेमुळे पावसाळ्यात येथे कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात व ओडिशा, छत्तीसगड आणि विदर्भापर्यंत पाऊस पोहोचतो.

प्राचीन काळी ताम्रलिप्ती हे या किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. पाचव्या शतकाच्या प्रारंभी चिनी प्रवासी फाहियान येथूनच श्रीलंकेस गेला. सन १०२५ च्या सुमारास पहिल्या राजेंद्र चोळाच्या आरमाराने हा समुद्र ओलांडून श्रीविजय साम्राज्यावर स्वारी केली. सतराव्या शतकात डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावर अनुक्रमे पुलिकत, मद्रास व पाँडिचेरी येथे ठाणी वसविली.

पाऊस देणारी उष्णताच चक्रीवादळांनाही बळ देते. उत्तरेकडे उपसागर निमुळता व उथळ होत असल्याने वादळाबरोबर येणाऱ्या लाटा तेथे अधिक उंच होतात. नोव्हेंबर १९७० मधील भोला चक्रीवादळाने तत्कालीन पूर्व पाकिस्तानात किमान ३ लाख बळी घेतले. मदतकार्यातील दिरंगाईमुळे जनतेचा असंतोष वाढला आणि पुढील वर्षी बांगलादेशाची निर्मिती झाली. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार लोक मृत्युमुखी पडले.

त्यानंतर ओडिशात किनाऱ्यालगत निवारागृहे बांधण्यात आली, तसेच पूर्वसूचना गावोगावी पोहोचविण्याची व्यवस्था सुधारण्यात आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ धडकण्यापूर्वी सुमारे १० लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. घरे व पिकांची मोठी हानी झाली. मात्र मृतांची संख्या ५० च्या आत राहिली.