पोर्तुगीज घराण्यांचे मूळ आणि चर्चची दफ्तरे

एखाद्या घराण्याची वंशावळ जुळवावयाची म्हटले म्हणजे आपल्याकडे प्रथम आठवण होते ती त्र्यंबकेश्वर किंवा काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. यात्रेला आलेल्या यजमानाने आपले नाव, गाव, पिता, पितामह व बंधू यांची नोंद करून द्यावी आणि चार पिढ्यांनंतर त्याच्या वंशजाने तेच पान उघडून पाहावे, असा तो परिपाठ. तेथे सारे कुटुंब एका ठिकाणी भेटते. पोर्तुगालमधील कुटुंबांचा माग ज्या दफ्तरांतून काढावा लागतो, त्यांची रचना याच्या अगदी उलट आहे. तेथे पान घराण्याला नसून घटनेला आहे. आज अमक्या मुलाला बाप्तिस्मा दिला, काल तमक्यांचा विवाह लागला, परवा एक वृद्धा निवर्तली, अशा सुट्या नोंदी एकीखाली एक लिहिलेल्या असतात. त्यांतून घराणे उभे करण्याचे काम शोध करणाराचे.

या वह्या वंशावळीसाठी निर्माण झाल्या नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी प्रत्येक चर्चच्या पाद्र्याने विवाहाची वही ठेवावी असे ठरविले. बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता व धर्ममाता यांची नावेही लिहावयाची होती, कारण त्या आध्यात्मिक नात्यानेदेखील पुढे विवाहास बाध येत असे. लिस्बनच्या धर्मप्रांतात तर त्यापूर्वीच, १५३६ च्या सुमारास, बाप्तिस्मे व मृत्यू नोंदविण्याचा नियम झाला होता. म्हणजे आज आपण ज्याला वंशेतिहास म्हणतो, ते त्या काळच्या धर्मशासनाचे एक उपफल आहे.

१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९११ पासून, मुलकी नोंदणी सक्तीची झाली आणि जुन्या वह्या चर्चच्या ताब्यातून सरकारकडे गेल्या. कालांतराने त्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत आणि लिस्बनच्या ‘तोर्रे दु तोंबु’ या राष्ट्रीय दफ्तरखान्यात पोचल्या. त्यांतील पुष्कळ वह्यांची पाने आज घरबसल्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात. पण पान दिसणे वेगळे आणि पान वाचणे वेगळे. मोडी दफ्तरे चाळलेल्या वाचकाला याचा अर्थ सांगावयास नको. मानुएल हे नाव पाद्री आदि व अंत्य अक्षरांत उरकतो, मारियाचे एकच अक्षर लिहितो, आणि शाई कागदाच्या पाठीमागे उतरून दोन पाने एकमेकींत मिसळलेली असतात.

शोध नेहमी आपल्यापासून मागे न्यावयाचा. आजोबांच्या नोंदीत त्यांच्या आईबापांची नावे व त्यांचे ‘फ्रेगेझिया’, म्हणजे त्या त्या चर्चचा परिसर, सापडतो. गोव्याच्या बोलीत यालाच फिरगज म्हणतात. त्या परिसराच्या वहीत मग आईबापांचा विवाह शोधावयाचा. जुन्या नोंदी दोन-तीन ओळींच्या असतात. पुढे पुढे त्यांत दोन्हीकडचे आजीआजोबा येऊ लागतात, आणि १८६० पासून ठरावीक नमुन्याप्रमाणे सविस्तर लिहिण्याचा परिपाठ पडल्यावर एकेका बाप्तिस्म्यातून तीन पिढ्या हाती लागतात. मृत्यूच्या नोंदीतील वयावर मात्र विसंबू नये. ‘अदमासे साठ’ असे जेथे लिहिले आहे, तेथे बावन्नही असू शकतात आणि सत्तरही.

खरी अडचण आहे ती आडनावांची. बापाचे आडनाव मुलाला, मुलाचे नातवाला, अशी सरळ रेघ पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांत दीर्घकाळ नव्हतीच. एका भावाने बापाचे आडनाव घ्यावे, दुसऱ्याने आईच्या बापाचे, तिसऱ्याने धर्मपित्याचे. बायकांना तर पुष्कळदा आडनाव नसेच. मारिया द जेझुश, मारिया दा कोंसेसांव, आना दु एश्पीरितु सांतु अशी भक्तिनामेच त्यांच्या नावापुढे येत, आणि आईचे भक्तिनाम मुलीला येईलच असेही नाही. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी १९५० नंतर चर्चच्या वह्यांवरून कुटुंबे जुळविण्याची जी पद्धत बसविली, ती आडनावाच्या आधारावर उभी होती. पोर्तुगालात तिचा टिकाव लागेना. तेव्हा मारिया नॉर्बेर्ता आमोरिं या विदुषींनी ईशान्येकडील रेबोर्दांव्श गावाच्या वह्या घेऊन आडनावाऐवजी पहिल्या नावावरून माणसे जुळविण्याचा मार्ग काढला. १९७३ साली त्यांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. गावातील यच्चयावत् माणसे जुळवावयाची, म्हणजे प्रत्येकाची जागा इतरांच्या जागांवरून आपोआप ठरत जाते, असा हा चिकाटीचा खटाटोप आहे.

नाव कसे घडते याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कवी फर्नांदो आंतोनियो नोगेरा पेसोआ. १३ जून १८८८ रोजी, संत अँथनीच्या सणादिवशी, लिस्बनमध्ये त्यांचा जन्म झाला आणि तेथल्याच मार्तिरेश चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. संत अँथनीचे दीक्षेपूर्वीचे नाव फर्नांदो होते. म्हणून फर्नांदोही आले आणि आंतोनियोही. नोगेरा हे आईचे, पेसोआ हे बापाचे. सणवार, मातृकुल व पितृकुल अशी तिन्ही एका नावात बसली आहेत.

लिस्बनच्या शोधात एका तारखेशी पाऊल अडते: १ नोव्हेंबर १७५५. त्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग आग लागली, आणि शहरातील अनेक चर्चची दफ्तरे भस्मसात झाली. किल्ल्यातील जो बुरूज राष्ट्रीय दफ्तरखान्याचे घर होता, तोही कोसळला. वृद्ध दफ्तरदार मानुएल दा माया यांनी ढिगाऱ्यातून कागद काढवून तात्पुरत्या लाकडी छपराखाली ठेवले. ते वाचले नसते तर पोर्तुगालच्या इतिहासाचा, आणि त्याबरोबर आपल्याही पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाचा, केवढा भाग अंधारात राहिला असता! उत्तरेकडच्या मिन्यो प्रांताने एवढा आघात सोसला नाही. पण तेथील वह्यांत दुसऱ्याच एका वादळाची खूण दिसते. चर्चच्या आत प्रेते पुरण्यास सरकारने बंदी केली तेव्हा १८४६ मध्ये त्या प्रांतातील बायका बंड करून उठल्या. मृत्यूच्या नोंदी चाळताना ‘चर्चच्या आत पुरले’ हे शब्द जाऊन ‘स्मशानभूमीत पुरले’ हे शब्द येतात, त्या दोहोंमध्ये हे बंड आहे.

काही नोंदींपुढे वाट संपते. ‘पिता अज्ञात’ हे दोन शब्द पुष्कळ घराण्यांच्या मुळाशी आहेत. १७८३ मध्ये गावोगावी भिंतीत फिरते लाकडी चक्र बसविण्याचा हुकूम निघाला. नको असलेले मूल त्यात रात्री ठेवून जावे आणि आतल्या दाईने चक्र फिरवून ते उचलून घ्यावे. पुढे ओळख पटावी म्हणून आया फीत, चिठ्ठी किंवा अर्धे फाडलेले चित्र बाळाबरोबर ठेवीत. लिस्बनच्या मिझेरिकॉर्दिया संस्थेने अशा खुणा जपून ठेविल्या आहेत. फाडलेला दुसरा अर्ध घेऊन जी आई परत आलीच नाही, तिच्या वंशजाला यापलीकडे काही सापडत नाही. गुलामांच्या बाप्तिस्म्यात तर आईबापांऐवजी धन्याचे नाव असे.

द्वेषाने जमविलेला पुरावाही येथे उपयोगी पडतो. पाद्री व्हावयाचे असो वा इन्क्विझिशनचा सेवक, उमेदवाराच्या आजीआजोबांत यहुदी रक्त नाही याची चौकशी गावोगाव साक्षीदार बोलावून होत असे. जुने व नवे ख्रिस्ती हा भेद १७७३ मध्ये कायद्याने मोडला, परंतु चौकशीची कागदपत्रे राहिली. पोर्तुगालमधून हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा २०१३ मध्ये झाला (त्याच्या अटी पुढे कडक झाल्या), तेव्हा पूर्वजांना छळण्यासाठी लिहिलेले हे कागद वंशजांच्या कामी आले.

गोव्याच्या बाबतीत मात्र एक भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्त पोर्तुगीज, असे मुळीच नाही. सोळाव्या शतकात धर्मांतर करणाराला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. एकाच मूळ घराण्याच्या शाखा निरनिराळ्या आडनावांनी निघाल्या. त्या आडनावाच्या मागे लागून लिस्बनला जाणाराला आपले पूर्वज तेथे भेटावयाचे नाहीत. ते भेटले तर गावकारीच्या दफ्तरांत भेटतील. कारण गावकाराच्या मुलाला नफ्यातील वाटा मिळावयाचा तर त्याचे वांगड, म्हणजे मूळ कूळ, लिहिणे भाग होते. गोव्याचा दफ्तरखाना १५९५ मध्ये स्थापन झाला. इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचे पहिले रक्षक आणि पांडुरंग पिसुर्लेकर हे विसाव्या शतकातले.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे आज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्माचे दाखले गोळा करीत असतात. आजोबांचे नाव चर्चच्या वहीत एका तऱ्हेने, मुलकी नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यात तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले निघते, आणि ती तिन्ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्यात बहुतेकांचा बराच काळ जातो.