समुद्रफेस : फेस नव्हे, घर

काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागून पाहा. दुकानदार होडीच्या आकाराचा एक पांढरा तुकडा पुढे ठेवील. हाताला अगदी हलका. नखाने खरवडला की पीठ पडते. लाटांचा फेस वाळून घट्ट झाला असे जुन्या लोकांना वाटले असेल, तर त्यात नवल ते काय! संस्कृतातही नाव तेच, समुद्रफेन. सुश्रुतसंहितेत डोळ्यांच्या औषधांत तो येतो. कान वाहू लागला की त्याची पूड कानात घालायचीही चाल होती. (आज मात्र तसे करू नका, वाहता कान डॉक्टरांना दाखवा.)

आता हाच तुकडा कोकणातल्या कोळणीला दाखवा. ती हसेल. माकूल साफ करताना पाठीकडची कातडी चिरून ती हाच तुकडा काढून टाकते. ग्रंथात नाव राहिले फेसाचे, अन् वस्तू होती कोळणीच्या पाटीत!

माकूल हा प्राणी मासा नव्हे, बरे का. तो शिंपल्यांचा, गोगलगायींचा भाऊबंद. आठ हात, दोन लांब सोंडा, तीन हृदये आणि निळसर रक्त. संकट आले की काळपट शाई सोडून पसार होतो. या शाईपासून चित्रकारांचा ‘सेपिया’ हा तपकिरी रंग झाला. गोगलगाय आपले कवच पाठीवर वाहते. याने ते कातडीच्या आत घेतले. आपण त्याला हाड म्हणतो खरे, पण ते चुन्याचे कवच आहे. ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकातच ते प्राण्याच्या अंगातले म्हणून वर्णिले होते. पुढे युरोपातल्या सोनारांनी त्याचे साचे केले. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मध्ये अंगठीचा नमुना दाबायचा, आणि मग त्या खळग्यात वितळलेली चांदी ओतायची. चुना असल्यामुळे ते चटकन जळत नाही. लेखनिक त्याची पूड चर्मपत्रावर घाशीत, म्हणजे शाई फुटत नसे.

पण प्राण्याला त्याचा उपयोग काय? याचा नीट उलगडा इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी 1961 साली प्रसिद्ध केला. या कवचात एकावर एक पातळ कप्पे असतात. काहींत वायू, काहींत खारट पाणी. माकूल कप्प्यातले मीठ आपल्या रक्तात ओढून घेतो, आणि मिठामागून पाणी निघते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना, तसेच हे. रिकाम्या जागेत वायू आपोआप शिरतो. तो फुग्यासारखा दाबून भरलेला नसतो. त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. समुद्राचा भार झेलतात त्या कप्प्यांच्या भिंती. म्हणून फार खोल गेले तर कवच चिरडते. दिवसा पाणी आत घेऊन जड व्हायचे, वाळूत दडून बसायचे. रात्री पाणी काढून हलके व्हायचे आणि शिकारीला निघायचे.

गुरुजनांनी एक तुकडा वर्गात जरूर न्यावा. आडवा मोडून भिंगाखाली धरला की थर दिसतात. बशीभर पाण्यात सोडला की तरंगतो. माकूल अंडी घालून मरतो, मांस कुजते, मासे खातात. पण कवचातली हवा राहते आणि लाटा त्याला किनाऱ्यावर आणून टाकतात. पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला आणि चुना मिळावा म्हणून लोक टांगतात, तो तुकडाही हाच.